आवराआवर

आईचे नाक आधी गेले. ते आम्हाला सर्वांत शेवटी कळले.

नाक गेले म्हणजे वास येईनासा झाला. आमच्या घरात त्या काळात नाकाबद्दल पुष्कळ बोलणे होत असे, पण ते निराळ्या नाकाबद्दल. हिने घराण्याचे नाक कापले, असे आत्या म्हणे. अण्णा म्हणत, चारचौघांत नाक वर करून चालायची सोय राहिली नाही. आईच्या स्वतःच्या नाकाचे काय, हे विचारणे कोणाला सुचले नाही. मलाही नाही, आणि त्या घरात सर्वांत जास्त पुस्तके मी वाचली होती.

साताऱ्याला यादोगोपाळ पेठेत आमचे बिऱ्हाड होते. अण्णा, म्हणजे माझे वडील विष्णुपंत, कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांची थोरली बहीण अनसूया आत्या तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहायला आली आणि सोवळ्याओवळ्याचा सगळा कारभार तिच्या हाती गेला. माझी आई, गोदावरी, या दोघांच्या मधून वाट काढत असे. तिचा एक शब्द ठरलेला होता. सकाळी अंथरुणात लोळत पडले की ‘आवर’. शाळेला उशीर होऊ लागला की ‘आवर’. रडू आले की ‘आवर’, आणि फार हसले तरी ‘आवर’. जेवणे झाली की ती कोणाकडे न पाहता ‘आवरून घेते’ म्हणे आणि ताटे उचली. अण्णांना ती ‘अहो’सुद्धा म्हणत नसे. त्यांच्या जवळ जाऊन बांगड्या वाजवी.

माझा भाऊ मधु पाच वर्षांचा होऊन विषमज्वराने गेला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मलाही तोच ताप होता. मी वाचले. मधूला नेले त्या दिवशी आई मोरीजवळ बसून होती. दुपारी उठली, तोंड धुतले आणि मला पेज भरवायला आली. त्यानंतर बावीस वर्षे मी तिच्या तोंडून त्याचे नाव ऐकले नाही.

आमच्याकडे देवाच्या फुलांचा वास घेत नसत. नैवेद्याच्या आणि श्राद्धाच्या स्वयंपाकाची चव तर राहोच, वासही घ्यायचा नाही. घेतला की तो पदार्थ उष्टा. मी चार वर्षांची असताना परडीतला मोगरा नाकाला लावला, तेव्हा आईने माझ्या हातावर चापट मारली आणि अख्खी परडी तुळशीच्या मुळाशी ओतली. चांगली सुगरण ती, जी नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी रांधते, असे आत्या शिकवी, आणि आई तशीच होती. अशा स्वयंपाकघरात एखाद्या बाईचे नाक निकामी झाले तर ते किती वर्षे कोणाच्या लक्षात येणार नाही, याचा हिशेब आता मी करू शकते.

बेचाळीसच्या भाद्रपदात आजोबांचे श्राद्ध होते. मी सांगलीला मुलींच्या शाळेत शिकवत असे, पण चळवळीमुळे शाळा बंद होती म्हणून साताऱ्याला आले होते. लढाईच्या दिवसांत गोडे तेल मिळत नव्हते. अण्णांनी ओळखीपाळखीने एक डबाभर मिळवले. त्या डब्यात पूर्वी कोणीतरी रॉकेल ठेवले असावे. मी बाहेरच्या खोलीत होते. मला एकदम रॉकेलचा वास आला, म्हणून मी उठून कंदील सांडला की काय ते पाहिले. कंदील जागेवर होता. तोवर आत वडे तळून झाले होते. भटजींनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि परत पानात ठेवला. मग ते पानावरून उठले. श्राद्धाचा ब्राह्मण उपाशी उठला, याहून वाईट काही आत्याच्या जगात नव्हते.

“तुला वास आला नाही?” अण्णांनी विचारले.

आईने कढईकडे पाहिले आणि हसली. “पितरांना तरी कुठं येतोय?” ती म्हणाली.

त्या उत्तराने सगळा निकाल लागला. तिने मुद्दाम केले. सासऱ्याने तिला आयुष्यभर जाच केला होता, त्याचा सूड तिने तो मेल्यावर उगवला, असे आत्याने ठरवले. अण्णांनीही तेच धरले. मी काही ठरवले नाही. मला मनातून थोडी गंमत वाटली होती.

आमच्याकडे भांडी घासायला बयाबाई यायची. ती परसात राखुंडी घेऊन बसली होती. मी तिथे गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, “उमाताई, वैनींच्या नाकाला काय झालंय का? परवा मोरीत उंदीर मरून पडला व्हता. मी पदर लावून आत आले, तर वैनी तिथंच बसून तांदूळ निवडत व्हत्या. लय वास मारत व्हता.”

“आईला सोसायची सवय आहे,” मी म्हणाले.

“सोसायचं न्हवं ताई. त्यास्नी कळत न्हाई.”

मी तिला भांडी नीट विसळायला सांगितले.

त्यानंतर आईला स्वयंपाकघर बंद झाले. पण तिची जीभ सुटली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या बायका जमल्या. नाव घ्या, नाव घ्या, असा आग्रह झाला. प्रत्येक बाई यमक जुळवून आपल्या नवऱ्याचे नाव घेत होती. आईची पाळी आली. ती म्हणाली, “विष्णू. दोन अक्षरांचं नाव, त्याला उखाणा कशाला?” बायकांना हसू फुटले. संध्याकाळी अण्णा कचेरीतून येईपर्यंत गोष्ट पेठभर झाली होती. दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडताना आईने आतून हाक मारली, “विष्णू, छत्री विसरलास.” अण्णा छत्रीशिवाय गेले.

त्या पावसाळ्यात भूमिगत माणसांचा माग काढीत एक फौजदार आमच्या दारात आला. घरात कोण येते, कोण जाते, असे तो अण्णांना विचारू लागला. आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “यांना काय विचारता,” ती म्हणाली, “यांनी जन्मभर सरकारची खरकटी काढली. दुसऱ्या कुणाला हात धुवायला पाणीसुद्धा दिलं नाही.” फौजदार हसत निघून गेला. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत.

या गोष्टी मी सांगलीला शाळेतल्या शिक्षिकांना रंगवून सांगत असे. आम्ही पोट धरून हसत असू. मला हे लिहिलेच पाहिजे की त्या वर्षी आई मला प्रथम आवडू लागली. सुटीत मी तिच्यासाठी म्हणून घरी जाऊ लागले. तिने कोणाला काय सुनावले हे ऐकण्यासाठी मी तिच्याजवळ बसत असे. माझे लग्न जमले नव्हते आणि जमणारही नव्हते. तिशीला आलेल्या मुलीला आईमध्ये अचानक एक मैत्रीण सापडावी, तसे मला झाले होते. बाई इतकी वर्षे ओझ्याखाली दबली होती आणि आता मोकळी झाली, असा अर्थ मी लावला. अशा बायका मी पुस्तकांत वाचल्या होत्या.

चव्वेचाळीसच्या मे महिन्यात परसात उडदाचे पापड लाटायला बसलो होतो. शेजारच्या सहा-सात जणी होत्या. आईला लाट्या करायचे काम दिले होते. कोणीतरी आपल्या मुलाच्या तापाची गोष्ट सांगत होती. आई लाट्या वळता वळता, तोच हसरा चेहरा ठेवून म्हणाली:

“मधु आणि ही, दोघांना एकदमच ताप. मी देवाला म्हटलं होतं, एक न्यायचंच असेल तर उमीला ने. देवाला ऐकायला कमी येतं.”

पोळपाटांवरचा आवाज थांबला. आईने पुढची लाटी माझ्यापुढे ठेवली. मी ती लाटली. माझ्या वाटणीच्या सगळ्या लाट्या मी लाटून संपवल्या, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने निघाले. आई दारात आली नाही. परसातल्या पापडांवर कावळे बसू नयेत म्हणून ती काठी घेऊन बसली होती.

मग अडीच वर्षे मी घरी गेले नाही.

अण्णांची पत्रे येत. ‘चि. उमा हिस अनेक आशीर्वाद’ या ओळीनंतर आईच्या तक्रारी असत. ती पाहुण्यांसमोर लुगडे नीट सावरत नाही. आत्याच्या ताटातले उचलून खाते. तिला मागच्या खोलीत ठेवले आहे, कडी बाहेरून असते. मी उत्तरात शाळेच्या परीक्षांबद्दल लिहीत असे. पंचेचाळीसमध्ये त्यांनी कळवले की बाहेरचे वारे लागले असावे अशी आत्याची खात्री आहे, सबब नरसोबाच्या वाडीला नेतो. वाडी सांगलीहून बारा-पंधरा मैलांवर. ते तिघे तिथे एकवीस दिवस होते. आई ओल्या लुगड्याने प्रदक्षिणा घालत होती. मी गेले नाही. तिथल्या एका पुजाऱ्याने आईला पाहून, ‘या बाईंना डोळ्याने नीट दिसत नाही, वैद्याला दाखवा,’ असे सांगितले होते म्हणे. आत्याने ते मनावर घेतले नाही. वैद्याला दाखवायचे तर वाडीला कशाला यायचे, असे तिचे म्हणणे.

सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर आईला झटके येऊ लागले. आत्याच्याने आता होत नव्हते. मिरजेला डॉक्टर पुष्कळ, आणि तू जवळ आहेस, असे लिहून अण्णांनी तिला माझ्याकडे आणून सोडले. गावभागातल्या माझ्या दोन खोल्यांत ती जिथे बसवली तिथे बसून राहिली. ती विनोद करत नव्हती. कोणाला काही सुनावत नव्हती. लुगडे ओले झाले तरी सांगत नव्हती. मी तिला न्हाऊ घालीत असे, भरवीत असे, आणि वाट पाहत असे. कशाची, ते मला माहीत होते. ती एकदा काहीतरी म्हणेल. पापडांच्या वेळचे ते वाक्य मागे घेईल, नाही तर पुन्हा तेच बोलेल. पुन्हा बोलली असती तरी चालले असते. एका दुपारी मी विचारले, “आई, मधु आठवतो?”

“हो,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, “जेवायला काय आहे?”

मिरजेला स्टेशनजवळ डॉक्टर लालासाहेब मोहिते यांचा छोटा दवाखाना होता. कृष्णाकाठच्या शेतकरी घरातले, भाऊ-चुलते पलटणीत, आणि हे लढाईत डॉक्टर म्हणून जाऊन इटलीपर्यंत डोक्याच्या जखमा पाहून आलेले. त्यांनी आईच्या डोळ्यांत बारीक उजेड पाडून बराच वेळ पाहिले. डावा डोळा जवळजवळ गेला होता. मग त्यांनी तिला डोळे मिटायला सांगून एक नाकपुडी दाबली आणि दुसरीखाली कॉफीची डबी धरली. आई काही बोलली नाही. लवंगेच्या तेलाचा बोळा धरला. काही नाही. डॉक्टरांनी कंपाउंडरला घरात पाठवून हिंगाची डबी मागवली. ती उघडल्याबरोबर मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते तरी मला वास आला.

“बाई, हे काय आहे?” डॉक्टरांनी विचारले.

“रिकामी डबी,” आई म्हणाली.

केव्हापासून वास येत नाही, असे त्यांनी मला विचारले. मी तोंड उघडले आणि मला बयाबाईचा हात दिसला, राखेने भरलेला. मी म्हणाले, चार वर्षे तरी झाली. डॉक्टरांनी लिहून घेतले. पुढे ते जे म्हणाले त्यातले एवढेच माझ्या लक्षात राहिले की नाकाच्या वर, कवटीच्या आतल्या बाजूला, गाठ असावी. मुंबईपर्यंतचा प्रवास तिला झेपणार नाही. आधी आली असती तर काय झाले असते, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

पौषात आईला मोठा झटका आला आणि ती शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास त्या दवाखान्यात ती गेली. मी अण्णांना तार केली. ते संध्याकाळच्या गाडीने पोचणार होते. म्हणजे माझ्या हातात सात-आठ तास होते.

मी डॉक्टरांना डोके उघडून पाहायला सांगितले.

त्यांनी मला दोनदा विचारले. ब्राह्मणाच्या घरचे सवाष्णीचे प्रेत, नवरा हजर नाही. उद्या बोभाटा होईल. मी म्हणाले, सही मी करते. त्यांना वाटले असेल की ही शिकलेली बाई आहे, शास्त्राची चाड आहे. मला शास्त्राशी काही घेणे नव्हते. ते वाक्य कोणाचे, एवढेच मला हवे होते. गाठ निघाली तर वाक्य गाठीचे, आणि मग माझी आई मला परत मिळाली असती.

दुपारी त्यांनी मला आत बोलावले. एनॅमलच्या भांड्यात ती होती. मोठ्या ईडलिंबाएवढी, करडी, वरून खडबडीत. डॉक्टर हात धुऊन आले आणि समोर बसले. ते शिकवावे तसे बोलले. मी शिक्षिका आहे म्हणून असेल.

मेंदूच्या मागच्या भागाने दिसते, ते म्हणाले. कानांजवळच्या भागाने शब्द कळतात, आठवणी राहतात. मधल्या पट्टीने हातपाय हलतात. खाली, खोल, राग, भीती, भूक यांची जुनी ठाणी आहेत. ती जनावरांनाही असतात. कपाळामागचा भाग मात्र ना हात हलवतो ना पाय. तिथे गोळी लागलेला माणूस चालतो, वाचतो, हिशेब करतो. म्हणून पुष्कळ दिवस लोकांना वाटे की तो भाग रिकामाच आहे.

“आमच्या गावचा ज्ञानू म्हणून पलटणीत नाईक होता,” ते म्हणाले. “कपाळात लोखंडाचा तुकडा शिरला. मीच काढला. जखम भरली, घरी गेला. बापाच्या मयतात त्यानं लावणी म्हटली. लोकांनी दगड मारून हाकलला. त्याच्याएवढं मर्यादेचं पोर गावात नव्हतं, बाई.”

ते शब्द शोधत थांबले. पलटणीत इंग्रजीत बोलायची सवय झालेली होती. मग म्हणाले, “आपल्याकडे म्हणतात ना, आवर. जीभ आवर, हात आवर. तो पुढचा भाग आवरायचं काम करतो. यांच्या गाठीनं आधी वासाच्या नसा दाबल्या, मग तो भाग. आठ-दहा वर्षं सावकाश वाढली असंल.”

मी विचारले, “मग ती जे बोलायची, ते गाठ बोलायची?”

मला अजून वाटते, त्यांनी तेव्हा हो म्हणायला हवे होते. एखाद्या वाईट डॉक्टराने म्हटले असते.

“गाठीला बोलता येत नाही,” ते म्हणाले. “मनात येतं ते येतंच. थांबवणारा भाग गेला, एवढं मला दिसतं. आत काय होतं, ते डोकं उघडून दिसत नाही.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी जोडले, “दुःखात माणसाच्या मनात काहीही येऊन जातं, बाई. घटकाभर येतं. ते सगळं खरंच असतं असं नाही.”

मी भांड्याकडे पाहत होते. बावीस वर्षे ते वाक्य तिच्याजवळ होते. मला पेज भरवताना होते. माझी वेणी घालताना होते. मी मॅट्रिक झाले तेव्हा तिने शेजारी साखर वाटली, तेव्हाही होते. आणि रोज ती ते आवरत होती. यातच तिची माया होती, असे म्हणता येते. मी तसे म्हणून पाहिले आहे. पुरत नाही. जिला रोज आवरावे लागते, तिला रोज वाटत असले पाहिजे.

संध्याकाळी अण्णा आले. आईच्या केसांखालून, कानापासून कानापर्यंत, टाके होते. दवाखान्यातल्या बायकांनी तिच्या डोक्यावरून पदर घेऊन कपाळभर कुंकू लावले होते. अण्णांना पदराखालचा कापूस दिसला. कोणाला विचारून, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, मीच सांगितले. ते इतक्या हळू आवाजात बोलले की डॉक्टर खोलीबाहेर गेले. “परजातीच्या माणसाकडून प्रेताची विटंबना केलीस. तिच्या अंगाला शेवटी कोणी हात लावला, हे मी आता जन्मभर आठवायचं.” मी ते संपू दिले. मग सांगितले, “अण्णा, तिला वास येत नव्हता. श्राद्धाच्या वेळेलासुद्धा. तिनं मुद्दाम केलं नव्हतं.”

ते बाकावर बसले. त्यांनी विचारले, “मग मला नावानं हाक मारायची, ती?”

त्यांचेही एक वाक्य होते तर. ते वाक्य उराशी धरून साताऱ्याहून आले होते.

“गाठ होती, अण्णा,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. “मग तिचं त्यात काही नव्हतं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. मला डॉक्टरांनी जे सांगितले, ते मी त्यांना सांगितले नाही. दया म्हणून नव्हे. ते मला कोणाबरोबर वाटून घ्यायचे नव्हते.

कृष्णेच्या घाटावर सगळे उरकून आम्ही साताऱ्याला आलो. दिवसांत समाचाराला माणसे येत. गाठीची बातमी आत्याने आधीच पेठेत पोचवली होती. अहेव गेली, भाग्याची, असे प्रत्येक जण म्हणे. मग आत्या डोळ्यांना पदर लावून सांगे, “गोदावरी मुळात किती सोशिक. ते सगळं त्या मेल्या गाठीचं हो. हिच्या तोंडून उभ्या जन्मात वेडावाकडा शब्द गेला नव्हता.” अण्णा ऐकत असत. उखाणा, छत्री, फौजदार, पितर, सगळे एका भांड्यात घालून त्यांनी मिरजेला सोडून दिले होते. घर स्वच्छ झाले होते.

मला तसे करता येत नव्हते. फौजदाराला दिलेले ते उत्तर मला आईचे म्हणून हवे होते. त्यात अक्षर खोटे नव्हते. ‘दोन अक्षरांचं नाव’ हेही हवे होते. तिशीत मला मिळालेली ती हसणारी बाई मला हवी होती. आणि ती ठेवायची तर पापडाची लाटी पुढे करणारी तीच ठेवावी लागत होती. त्या दोघींना वेगळे करता येईल असे काही त्या भांड्यात नव्हते.

बाराव्या दिवशी वडे होते. परसात बयाबाई भांड्यांचा ढीग घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिले नाही. “मी तवाच म्हनलं व्हतं,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले. “तू म्हणाली होतीस.”

“मागल्या खोलीत मीच ताट सरकवायचे. एकदा म्हनाल्या, बये, डाळीला वास हाय का गं? म्हनलं, हाय वैनी, फोडणीचा चांगला वास हाय. तर म्हनल्या, सांग मला, कसा हाय.” बयाबाईने पातेले पालथे घातले. “आता वास कसा सांगावा, ताई?”

आतून आत्याने मला हाक मारली. ती सोवळ्यात चुलीपुढे बसली होती. कढईत तेल ओतलेले होते, खाली अजून जाळ घातला नव्हता. तिने तेलाचा डबा उचलून माझ्यापुढे धरला. तिची सत्तरी उलटली होती.

“बघ गं जरा,” ती दुसरीकडे पाहत म्हणाली. “वास घेऊन बघ. आता घेतला तर चालतो.”

मी वाकून वास घेतला. शेंगदाण्याचे ताजे तेल होते.

“चांगलं आहे,” मी म्हणाले.

“मग आवर,” आत्या म्हणाली. “माणसं खोळंबलीत.”